रपट्यावर थांबणारी फटफटी

धानाच्या रोवणीचे दिवस होते. सकाळपासून आभाळ इतकं खाली उतरलं होतं की बोडीच्या, शेततळ्याच्या, पाळीवर उभं राहिलं तर हाताला लागावं. बांध्यांमध्ये चिखल, चिखलात ओणव्या झालेल्या बाया, आणि करडी गावाच्या वाटेवर जागेश्वरची फटफटी. मागं दोन्ही अंगांना दुधाच्या कॅना बांधलेल्या. फटफटी आंबेनाल्याच्या रपट्याजवळ, नाल्यावरच्या बुटक्या फरशीपुलाजवळ, आली आणि तिचा दम गेला.

एकदम बंद नाही पडली. आधी आवाज पातळ झाला. जागेश्वरनं मूठ पिळली, पण जोर येईना. दोन आचके दिले, पुन्हा जरा उचलली, आणि रपट्याच्या तोंडाशी येऊन गप्प झाली. नाल्याचं पाणी तेवढं बोलत राहिलं.

बाजूच्या बांधीत पार्वताबाई रोवत होती. हातातली परह्याची, धानाच्या रोपांची, जुडी तशीच धरून ती उभी राहिली. तिच्या मागोमाग साऱ्या बाया उभ्या राहिल्या.

"थांबली का गा जागेश्वर?"

"थांबली."

"थांबनारच. नारळ फोडला का नाई यंदा?"

खाली उतरून जागेश्वरनं टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सुटताक्षणी आतून आवाज आला, सूऽऽ असा, बराच वेळ श्वास कोंडून धरलेल्या माणसानं एकदम हवा ओढावी तसा. हा आवाज त्यानं पुष्कळदा ऐकला होता, तरी तो दचकला. टाकीत पाहिलं. घरून निघतानाच डब्यातलं पेट्रोल ओतलं होतं, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. त्यानं झाकण लावलं, किक मारली, आणि फटफटी जसं काही झालंच नाही अशी सुरू झाली.

"पाहा व," पार्वताबाई बाकीच्या बायांना म्हणाली, "भेटून झालं दोघाईचं." आणि साऱ्या पुन्हा ओणव्या झाल्या.

भेट कोणाची, ते चिचटोला गावात लहान लेकरालाही ठाऊक होतं. फटफटी जागेश्वरच्या मोठ्या भावाची, कृष्णरावाची. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदारानं वापरून जुनी केलेली ही गाडी त्यानं हौसेनं आणली होती. गावात तेवढी एकच. कोणाला साप चावला, कोणाची बाई अडली, तर कृष्णराव काही न विचारता गाडी काढी. मागल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचं सामान आणायला तो करडीला निघाला. वरच्या जंगलात पाऊस झाला होता, रपट्यावरून घोटाभर पाणी चाललं होतं. घोटाभर पाण्यातून तो कितीदा तरी गेला होता. पण गाडी मधोमध थांबली. पलीकडच्या काठावर गुरं घेऊन उभ्या असलेल्या धनगरानं पाहिलं ते एवढंच, की कृष्णराव किकवर किक मारतो आहे. मग त्यानं वाकून टाकी उघडली, आणि वरून लोंढा आला. फटफटी रपट्याच्या दगडी खुंटाला अडकून राहिली. कृष्णराव खाली दूर, पळसाच्या झुडपात सापडला.

तेव्हापासून दोन्ही घरांचा भार जागेश्वरवर आला. भावाच्या बांध्या, आपल्या बांध्या, दोन्ही गोठ्यांतल्या म्हशी. दूध रोज करडीच्या संकलन केंद्रावर न्यावं लागे, आणि सायकलवर एवढ्या कॅना बसत नव्हत्या. म्हणून पाण्यात बुडालेली गाडी त्यानं सुकवून घेतली. सुरू झाली, आणि त्या पहिल्याच फेरीत रपट्यापाशी थांबली.

रोज थांबत नसे, हेच वाईट होतं. रोज थांबली असती तर यंत्र बिघडलं म्हणून माणूस मोकळा झाला असता. ही चार दिवस बिनबोभाट जाई, मग एखाद्या सकाळी थांबे. आणि थांबे ती जातानाच, येताना सहसा नाही. त्याचाही अर्थ गावानं लावून ठेवला होता. कृष्णराव भावाला घरी येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. पुढं काही वाईट वाढून ठेवलेलं आहे, ते त्याला दिसतं.

दूध घालून जागेश्वर घरी आला की वहिनी दारातच असे. सत्यभामाबाई आधी मोठी बोलकी बाई. आता दिवसभरात तिच्या तोंडून चार शब्द निघत, त्यातला पहिला प्रश्न हाच असे.

"आज थांबली का भाऊजी?"

"थांबली वहिनी."

मग तिच्या तोंडावर जरा तजेला येई. ती आत जाई, चहा ठेवी, आणि त्या दिवशी दोन घास नीट जेवी. जागेश्वरची बायको चंद्रकला हे सारं पाहत असे. थोरल्या दिराला, कृष्णरावाला, ती भासरे म्हणे. ती एकदा नवऱ्याला म्हणाली, "मोठ्या बाईले वाटते का भासरे अजून वाटेवर उभे हायेत. तुमी थांबली म्हना का नोका म्हनू, मले भेव वाटते."

भीती जागेश्वरलाही वाटत होती. करडीच्या बाजारात धनीराम मिस्त्री बसे. त्याच्याकडे त्यानं चारदा गाडी नेली. धनीराम कामाला काही वाईट नव्हता. त्यानं प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, टाकीखालचा कॉक काढून त्यातला गाळ काढला. शेवटी कंडेन्सरही बदलला, म्हणाला, "गरम झाला का दगा देत असन." आणि दर वेळी बाजारातून दोन चकरा मारून आणल्या. गाडी फुलासारखी चाले.

चौथ्या वेळी धनीरामनं फडक्याला हात पुसत इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जागेश्वर, मले गाडीत काईच दिसत नाई. जे करायचं ते सारं केलं."

"मंग थांबते काहून?"

"ते मले काहून इचारतं? तुले मालूम हाये."

"तू एकडाव रपट्यावरून चालवून पाय ना. माह्या घरून निघू आपन."

धनीरामनं पान्हे पेटीत टाकले. "मले लेकरंबाकरं हायेत बाप्पा. तुले सांगतो, इकून टाक. दूर देशी इक, जो वळखत नाई त्याले."

विकायची गोष्ट जागेश्वरनं घरी काढून पाहिली. सत्यभामाबाई नुसती उठून अंगणात गेली आणि फटफटीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली, पाऊस अंगावर घेत. ती गोष्ट तिथंच राहिली.

मग ती सकाळ आली. चंद्रकलाचा दात ठणकत होता, गाल सुजून डोळा झाकला होता. करडीच्या दवाखान्यात न्यायला जागेश्वरनं तिला मागं बसवलं. जंगलाकडं ढग काळे होते, पण गावात पाऊस नव्हता. टाकी भरली होती. रपट्यावरून पाण्याची एक पातळ कातडी सरकत होती, चाक अर्धी वीतही बुडत नव्हतं. जागेश्वरनं दम धरला आणि गाडी पाण्यात घातली.

मधोमध आवाज पातळ झाला.

"नोका थांबू," चंद्रकला मागून म्हणाली. तिनं त्याचा सदरा मुठीत धरला होता. "चालवा ना जी. नोका थांबू."

आचका, अजून एक आचका, आणि गप्प. चाकाला लागून पाणी चुळचुळत होतं. जागेश्वरनं पाय खाली टेकले. पाणी थंड होतं, आणि बघता बघता ते गढूळ झालं. काड्या आल्या, पालापाचोळा आला. नाल्याचा आवाज बदलला होता. त्यानं टाकीकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. भावानं हेच केलं होतं, वाकून टाकी उघडली होती.

"उतर," तो म्हणाला. "ढकल मांगून. बोलू नोको."

दोघांनी जीव खाऊन गाडी लोटली. पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं. चंद्रकलाचा पाय शेवाळावरून सटकला, पण तिनं सीटखालची सळई सोडली नाही. चाक पलीकडच्या मातीला लागलं तेव्हा त्यांनी मागं पाहिलं. दगडी खुंट आता दिसत नव्हते. दोघं काठावर चिखलातच बसली. चंद्रकलानं लुगड्याचा ओला काठ पिळला.

"मी हिच्यावर पुन्हा बसनार नाई," ती म्हणाली. "आन तुमीबी बसनार नाई. भासऱ्याईले नेलं, आता तुमाले नेते."

"दूध कसं न्यावं मंग?"

"म्हशी इका."

म्हशी काही कोणी विकल्या नाहीत. पण जागेश्वरनं रपट्याची वाट सोडली. जंगलाच्या कडेनं एक बैलगाडीची वाट होती. लांब पडे, दगडधोंडे फार, पण त्या वाटेवर नाल्याचं पाणी नव्हतं. पहिल्या दिवशी टाकी भरून तो त्या वाटेनं निघाला. दुतर्फा मोहाची झाडं, ओल्या पानांचा वास, रस्त्यावर माणूस नाही. बऱ्याच दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. तो गुणगुणायलाही लागला होता.

मोहांच्या दाटीत गाडीचा आवाज पातळ झाला.

दोन आचके, आणि गप्प. जागेश्वर उतरून झाडाला टेकून उभा राहिला. पहिला विचार आला तो हा, की आता भाऊ इथंही आला. इथं ना पाणी, ना रपटा. आता कुठंही जा, तो मागं येणार. त्याला पळून जावंसं वाटलं. पण पळणार कुठं? कॅना दुधानं भरलेल्या, गाव मागं, करडी पुढं.

तो तिथंच उभा राहिला आणि हळूहळू त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली. कृष्णराव या वाटेनं कधी आलाच नव्हता. जंगलाची वाट त्याला आवडत नसे. मग तो इथं कशाला थांबवील? आणि घरापासून हे मोह जेवढे दूर, साधारण तेवढाच दूर तो रपटा.

तो गाडीजवळ आला. झाकणावर हात ठेवला, कान खाली नेला आणि अगदी हळू फिरवलं. सूऽऽ. या वेळी तो दचकला नाही. आवाज बाहेर येत नव्हता, हवा आत जात होती. घरी घासलेटचा बंद पिपा यायचा. त्याला एकच भोक पाडलं तर घासलेट गटगट करी, अडे, धार लागत नसे. वरून दुसरं भोक पाडलं की मग सरळ धार. सारं चिचटोला हे जाणत होतं. आत हवा गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही.

त्यानं झाकण नुसतं टेकवलं, आवळलं नाही, आणि निघाला. दगडांवरून पेट्रोल उडून धोतर भिजलं. गाडी करडीपर्यंत एकदाही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं झाकण आवळलं, टाकी भरलेली ठेवली, तर मोहांपाशी थांबली. तिसऱ्या दिवशी अर्धीच टाकी ठेवली, तर करडी येऊनही थांबली नाही. टाकी भरलेली असली तर आत हवेला जागा नाही, म्हणून लवकर अडे. अर्धी असली तर उशिरा, नाहीतर अडतही नसे. चार दिवस चालायची आणि टाकी भरून निघालं त्या सकाळी थांबायची, ती का, ते आता कळलं. आणि ती थांबली की पेट्रोल पाहायला आपणच झाकण उघडायचो, आपणच तिला श्वास द्यायचो, आणि वाटायचं भाऊ भेटून गेला.

अंगणात बसून त्यानं झाकण उलटं केलं. आत मधोमध बारीक छिद्र असायला हवं होतं. तिथं एक काळपट तांबडा, चकचकीत थर बसला होता, बुचाच्या चकतीला लागून, जणू कारखान्यातूनच आलेला. धनीरामनं दर वेळी पाहिला असेल, पण त्याच्या लक्षात आला नसेल. जागेश्वरनं नखानं टोकरला. लाख होती. पळसावरून काढतात ती लाख, विळ्याचं पातं मुठीत बसवायला वापरतात ती. पेट्रोलमध्ये राहूनही तिचं काही बिघडलं नव्हतं.

"ही कोनं लावली?" त्यानं चंद्रकलाला विचारलं.

चंद्रकला सुपातले तांदूळ निवडत होती. वर न पाहताच म्हणाली, "मोठ्या बाईनं. मागच्या रोवनीत. बाईची पोरगी चंद्रकांता टाकीवर बसे ना, तिच्या मांडीवर पेट्रोल सांडे. पार फोड आलते पोरीले. मंग बाईनं इळ्याच्या मुठी बसवता बसवता उरलेली लाख लावून देल्ली. भासरे किती खूश झाल्ते, म्हने आता थेंब बाहेर येत नाई." आणि मग तिनं वर पाहिलं. नवऱ्याचं तोंड पाहिलं, त्याच्या हातातलं झाकण पाहिलं. सूप तिच्या मांडीवरून खाली आलं.

आत सत्यभामाबाई गोठ्यात झाडत होती, खराट्याचा आवाज येत होता.

"बाईले सांगान काय?" चंद्रकलानं हळूच विचारलं.

"नाई."

"कवाच नाई?"

"कवाच नाई."

दाभण तापवून त्यानं छिद्र मोकळं केलं. लाखेचे तुकडे चुलीत टाकले.

रोवणी संपली. जागेश्वर पुन्हा रपट्याच्या वाटेनं जाऊ लागला, पाणी वरून नसेल त्या दिवशी. गाडी थांबेना. आणि इथून दुसरं सुरू झालं.

"आज थांबली का भाऊजी?"

"नाई वहिनी."

रोज तेच. पहिले काही दिवस तिनं ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाली, "रुसले वाटते." मग विचारणंच सोडलं. ताटातलं तसंच राहू लागलं. आणि मग पार्वताबाईनं जागेश्वरला वाटेत गाठलं.

"तुही वहिनी दुपारी रपट्यावर बसून रायते गा. पाय पान्यात सोडून. मी म्हनलं, बाई उठ, तं म्हने, ते थांबत नाई तं मीच थांबते."

वर जंगलात रोज पाऊस होता. लोंढा सांगून येत नसतो. जागेश्वरनं खोटं बोलून पाहिलं, म्हणाला, आज थांबली. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती चहा ठेवायला उठली नाही. तिला कळलं होतं.

पोळा आला. बाप गेल्यावर चंद्रकांता करडीला मामाकडं शिकायला ठेवली होती. तान्ह्या पोळ्यासाठी, दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यासाठी, तिला आणायचं होतं. तिच्यासाठी जागेश्वरनं लाकडाचा नंदी करून घेतला होता. तो म्हणाला, "वहिनी, तुमीच चला संगं. पोरगी खूश होईल."

आदल्या दिवशी तो एकटाच जाऊन आला होता. वाटेवरच्या बाभळीपासून टाकीखालचा कॉक बंद केला, तर गाडी बरोबर रपट्याच्या अलीकडं बंद पडते, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. स्वतःचीच लाज वाटत होती. पण ती दुपारची पाण्यात पाय सोडून बसलेली बाई डोळ्यांपुढून जात नव्हती.

बाभळीपाशी त्यानं डावा हात गुपचूप खाली नेला. रपट्याच्या काठावर आवाज पातळ झाला, दोन आचके बसले, गाडी थांबली. नाल्याला पाणी होतं, पण रपटा उघडा होता. सत्यभामाबाई उतरली. पदर डोक्यावर सारखा केला आणि पाण्याकडं पाहत उभी राहिली. जागेश्वर दुसरीकडं पाहत राहिला. मग ती परत आली, आणि तिचा नवरा करायचा तसं तिनंच टाकीचं झाकण फिरवलं.

आवाज आला नाही.

"श्वास नाई घेतला," ती म्हणाली. मग तिनं झाकण उलटं केलं. स्वच्छ छिद्रावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "माही लाख कुठं गेली?"

"मी काढली वहिनी."

"कवा?"

"रोवनीत."

"तवापासून थांबत नाई."

तिनं एकदा नाल्याकडं पाहिलं, मधोमध, जिथं कृष्णरावाची गाडी थांबली होती तिथं. मग तिची नजर टाकीवरून घसरत खाली कॉकवर आली. कॉक आडवा होता.

"आज तुमीच बंद केली."

"हो."

तिनं झाकण लावलं. वाकून आपल्या हातानं कॉक उभा केला.

"वहिनी, तुमाले का मालूम व्हतं? कोनालेच नव्हतं. मिस्त्रीलेबी नव्हतं."

"चला भाऊजी," ती म्हणाली. "पोरगी वाट पायत असन." मागं बसल्यावर, गाडी सुरू व्हायच्या आधी, ती पुन्हा बोलली. "चंद्रकांताले हे कवाच सांगू नका. तिच्या मांडीसाठी लावली व्हती मी. तिले वाटन आपल्यापायी झालं."

"नाई सांगत."

"तुमची शपथ नाई पायजे. नुसतं नका सांगू."

करडीहून निघताना चंद्रकांता टाकीवर बसली, काकाच्या दोन्ही हातांच्या मधात. बडबड चालली होती, नंदीला रंग कोणता, गळ्यात झूल असेल का. वाट उखडली होती, गाडी खड्ड्यांतून उडत होती.

"आई," पोरगी मागं वळून म्हणाली, "पेट्रोल सांडते न व. मांडी चुरचुरते."

सत्यभामाबाईनं मागूनच हात लांब केला. जागेश्वरच्या काखेखालून तो पुढं आला. पदराची घडी करून तिनं ती झाकण आणि पोरीची मांडी यांच्या मधात धरली.

"बाबा असतानी नाई सांडे," चंद्रकांता म्हणाली.

"नाई सांडे," आई म्हणाली. "आता सांडत जाईल."

रपटा आला. फटफटी एका आवाजात, न अडखळता, त्यावरून पार झाली. सत्यभामाबाईनं पाण्याकडं पाहिलं नाही. पदर पेट्रोलनं भिजत होता, आणि घर येईपर्यंत तिनं हात काढला नाही.